यावर चमचासुद्धा येत नाही

दुपारचा डोळा लागतो न लागतो, तोच तांदळाच्या पोत्यातून पहिलं पाखरू उडतं. करडं, नखाएवढं. ते माझ्या पापणीवर येऊन बसतं आणि मला ते हाकलायला हातसुद्धा उचलवत नाही. खोलीभर खवट तेलाचा वास आहे. तोंडात घेतल्यासारखा वाटणारा, किळसवाणा वास, आणि तो माझाच आहे. म्हणजे मी साठवलेल्या पंधरा डब्यांचा.

हे सगळं मी वाईट काळासाठी जमवलंय. बँका दारं लावतील, नोटांची रद्दी होईल, मग फक्त वस्तूवर वस्तू मिळेल, असं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे रिटायर्ड लोक एकमेकांना पटवत असतात. मी तर विम्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं भीतीच विकली. मला पटायला काय वेळ लागणार? म्हणून मिरजेतल्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, माझ्या पलंगाच्या चारी बाजूंनी, मीठ आहे, काडेपेट्या आहेत, ब्लेडची पाकिटं आहेत, दारूच्या नव्वद मिलीच्या छोट्या बाटल्या आहेत. मी स्वतः दारूला शिवत नाही. दुसऱ्याला तलफ येईल तेव्हा तो काय वाटेल ते देईल, असा माझा हिशोब.

पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात चांदीची नाणी आणि शालनच्या चार पाटल्या.

शालन माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तिनं त्या माझ्याकडे सांभाळायला दिल्या. आज बाराच्या सुमाराला त्या मागायला आली. मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी चहा टाकला आणि तिला समजावलं, "सोनं मोडायचे दिवस नव्हेत हे. खरं संकट आलं म्हणजे उपयोगी पडेल." ती "बरं दादा" म्हणाली. मग कठडा धरून, अंग आडवं करून, एकेक पायरी उतरत गेली. तीन मजले. मी दार लावलं, पोटभर जेवलो आणि येऊन आडवा झालो.

"जुन्या कपड्यांवर भांडीऽऽय!"

जमना आत येते. जमना बोहारीण, आईच्या वेळेपासून आमच्याकडे येणारी. जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडी द्यायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली. हे मला ठाऊक आहे आणि तिलाही असावं, कारण ती बेल न वाजवता येते आणि डोक्यावरची पाटी तांदळाच्या पोत्यावर उतरवते. फुर्रकन पाखरं उठतात.

"काढ भाऊ. बघू काय काय हाय."

मी हौसेनं दाखवतो. ती पोत्यात हात घालते, बाहेर काढते. मनगटाला कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा लागलेला.

"याला जाळी धरलीया. कुनाला द्यायचं हे?"

"येतील लोक. अडले की खातील."

"आन् तू काय घेशील?"

"आणतील ते."

आईनं नेसून विटलेला परकर घडीत लपवून खपवला की जमना जसं तोंड करायची, तसं तोंड करते.

आम्ही सांगलीतल्या जुन्या घराच्या उंबऱ्यावर आहोत. मी नऊ वर्षांचा. आईला पातेली हवीय आणि जमना "आनखी एक कापड टाका" म्हणून अडून बसलीय. आई इकडंतिकडं बघते आणि एकदम माझाच सदरा डोक्यावरून ओढून काढते. मी उघडा. जमना सदरा झटकून परत माझ्या गळ्यात घालते.

"अंगावरचं न्हाई घेत आक्का आम्ही. धंद्याची रीत हाय. पातेली ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, फुडल्या खेपंला द्या कापड."

आई ओशाळून हसते. उंबरा तोच आहे, पण बाहेर आता माझ्या फ्लॅटचा जिना. जिन्यात खालपर्यंत रांग. संकट आलंय. मला कुणी सांगितलेलं नाही, पण आलंय.

खालच्या मजल्यावरचे कुरणे मास्तर कानातलं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवतात. ते कोमट आहे, थोडं ओलसर. मी त्यांना मिठाचे दोन पुडे देतो. "किती म्हणालात?" ते विचारतात. त्यांना ऐकू येत नाही. मी त्यांच्यापुढं दार आड करतो. मग कुणाची नथ, कुणाची कुबडी, कुणाचा दातांचा सेट. सगळं अंगावरून नुकतं काढलेलं, गरम. माझी ओंजळ भरतेय आणि मला आनंद होतोय. शिसारी येते, पण ओंजळ मी खाली करत नाही.

रांग संपते. खालच्या पायरीवर शालन उभी आहे. तिला वर येता येत नाही.

"दादा, थोडे तांदूळ दे."

"काय आणलंस?"

"माझ्याकडं काय आहे? सगळं तुझ्याकडंच आहे."

मी तिला वरपासून खालपर्यंत बघतो. आणि माझ्याच तोंडातून, माझ्याच विम्याच्या गोड आवाजात, शब्द येतात, "पातळ बरं दिसतंय तुझं."

शालन पदराला हात घालते.

"थू!" जमना थुंकते. माझ्या ओंजळीत. मग माझी कॉलर धरते. उलटी करून आतली मळकट रेघ बघते, अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळते, खांद्याशी दोन्ही मुठींनी धरून ताणते. टर्रकन आवाज होतो. मला अख्खा उचलून ती जिन्यातल्या खिडकीच्या उजेडात धरते. माझ्यातून पलीकडचं दिसत असावं.

"विरलाय पार," ती म्हणते.

"काय येईल यावर?" मला खरंच जाणून घ्यायचंय. "ताट? वाटी?"

"यावर चमचासुदीक येत न्हाई."

ती मला बाजूला सारते, पाटी डोक्यावर घेते. शालनच्या बगलेत हात घालून तिला एकेक पायरी उतरवत नेते. दोघींपैकी कुणीच वर बघत नाही.

मी उठून बसतो. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. छातीवर दोन पाखरं मेलेली. कॉलर उलटी झालीय, आणि दिवाळीत घेतलेल्या या शर्टाची खांद्यावरची शिवण वीतभर उसवलीय.

मी शालनला फोन लावतो. मागे गाड्यांचा आवाज.

"घरी पोचलीस ना?"

"नाही रे, स्टॉपवरच आहे अजून. चार गाड्या सोडल्या. पायरी उंच असते दादा, पाय वर जात नाही."

"थांब तिथंच," मी म्हणतो आणि गुडघे टेकून पलंगाखाली हात घालतो. डबा काढायला बराच आत शिरावं लागतं.