तात्यांच्या बागेतलं गांडूळ

शेजारच्या तात्यांनी मोसंबीच्या ओळींमध्ये ताग पेरला आणि ऐन फुलोऱ्यात हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडून टाकला. आता ते रोज बांधावरून हाक मारतात, “या, गांडूळ दाखवतो!” खुरप्याच्या पहिल्याच घावाला गांडूळ निघतंच. मला दाट शंका, हे उकिरड्यातून आणून सोडत असणार.

आज ते तालुक्याला गेल्यावर मी गुपचूप त्यांच्या बागेचा पार पलीकडचा कोपरा उकरला. दोन निघाली.

तसाच खुरपं घेऊन माझ्या बागेत आलो. पोत्यातल्या रासायनिक खतावर पोसलेली झाडं हिरवीगार उभी होती. चार ठिकाणी खणलं. नुसती कोरडी ढेकळं निघाली, आत काही हललं नाही. वर पानं मजेत डोलत होती. त्या पानांवर मात्र मी इतक्या वर्षांत कधीच संशय घेतला नव्हता.