नांग म्हणजे आम्ही

तमिळ मी भाव करता करता शिकलो. त्यामुळे माझ्या तमिळमध्ये देवाची गाणी नाहीत, गोष्टी नाहीत, आणि डॉक्टरांशी बोलायची वेळ आली की मी बायकोला पुढे करतो. पण खरेदी खात्यातला माणूस खरंच घेणार आहे की नुसता माझा वेळ खातोय, हे मला त्याच्या एका शब्दावरून कळतं. हिंदीत जिथे नुसतं 'हम' म्हणून भागतं, तिथे तमिळमध्ये दोन शब्द आहेत, आपल्यासारखेच. 'नाम' म्हणजे आपण. 'नांग' म्हणजे आम्ही, म्हणजे समोरचा त्यात धरलेला नाही. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे कारखाने आहेत, त्यांना मी रबरी वॉशर आणि सील पुरवतो. समोरचा 'नांग बघतो, नांग कळवतो' म्हणतोय तोवर आपण त्याच्या उंबऱ्याबाहेर. ज्या क्षणी त्याच्या तोंडून 'नाम काहीतरी करू' निघतं, त्या क्षणी खुर्चीत मागे टेकून बसायचं आणि भाव तसूभरही उतरवायचा नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. या शहरात मी एका डेपोत हमालांबरोबर पेट्या उतरवायला आलो होतो. आज माझी स्वतःची मशीनं आहेत. कान उघडे ठेवले, एवढंच.

साथीच्या पहिल्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, मी तो आजार घरी आणला. कारखाने सुरू झाले होते, मी रोज जात होतो. एका सकाळी सांबारला चव लागेना. बायकोला म्हटलं, "मीठ विसरलीस." तिने, मुलीने आणि मुलाने एकदम चमचे खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. तपासणीत मी एकटाच पॉझिटिव्ह निघालो, पण घर सगळ्यांचंच बंद झालं. मला आतल्या खोलीत टाकलं. कॉर्पोरेशनची माणसं आली, दाराला विलगीकरणाचा कागद चिकटवून गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कागद सगळ्यांनाच लागत होता.

माझी तक्रार वाशाची आहे.

आमच्या इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी तंजावरकडचे मराठी. कैक पिढ्या तिकडे गेलेल्या. बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला सडपातळ, स्वच्छ गृहस्थ. त्यांची मराठी जुन्या दस्तावेजातली वाटते आणि चाल तमिळची. जिन्यात भेटले की "जेवण जालें का?" असं विचारणार, शेवटचा स्वर वर उडवून. ज्या उन्हाळ्यात शहरातले तलाव आटले, त्या उन्हाळ्यात त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पोरूरपासून लांब लांब हिंडलो आणि पाण्याच्या टँकरवाल्यांशी घसा फोडून भाव ठरवले. लिफ्टवाल्याला मी वठणीवर आणलं. गच्चीची गळती काढणाऱ्याकडून तेच काम पुन्हा फुकट करून घेतलं ते मी. तेव्हा सेक्रेटरी सगळ्यांना सांगायचे, "हे आमचे मराठे आहेत, हे बघून घेतील." आणि मला एकट्याला म्हणायचे, "आपण आपणांतले."

तर कागद लागला त्याच दुपारी ते दोन कामगार घेऊन आले. बांधकामाला वापरतात ते सुरूचे लांब वासे कामगारांच्या खांद्यावर. आमच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी दोन वासे आडवे ठोकले, एक कमरेला, एक छातीला. आत यायचं-जायचं तर वाकून, गुरासारखं. मी खोलीच्या दारातून ओरडलो, "अहो, हे काय चालवलंय?" सेक्रेटरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते, नाकावर मास्क. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नांग एल्लारुम मुडिवु पण्णिट्टोम, सार."

आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे, सर.

इतकी वर्षं माझ्याशी मराठीखेरीज बोलले नव्हते. आणि आज नांग. आणि सार!

मी त्या संध्याकाळी पडल्या पडल्या एका दलालाला फोन लावला आणि घर विकायला काढायला सांगितलं. चिंचवडला जागा घेऊ, काम तिथूनही होतं, तिथेही गाड्यांचे कारखाने आहेत. मग बंद दाराआडून घराला ऐकवलं, "दिवाळी झाली की चिंचवड! ज्या दारात मला वासा लावला त्या दारात मी राहणार नाही."

बाहेर कुकरची शिट्टी झाली.

ती खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट, आणि खिडकीच्या जाळीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीवर कुणाच्या तरी एसीचं खोकं, त्यातून थेंब गळायचे. इथला पाऊस ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो, तो आला की भिंत काळी पडायची. ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवलं जायचं, टकटक व्हायची, मी मनात आकडे मोजून दार उघडायचो, तोवर ठेवणारा गेलेला. स्वतःच्या घरात मी ताटाची वाट बघणारा झालो होतो. ओरडावं तर खोकला यायचा. खोकला थांबला की बाहेरून मुलाचा नुकताच फुटलेला, घोगरा आवाज, "झालं का, बाबा? की अजून आहे?"

आजाराने मला फारसं पाडलं नाही. मला पाडलं ते ऐकण्याने. एरवी मी सकाळी निघायचो, अंधार पडल्यावर यायचो. घर दिवसभर काय बोलतं हे मला ठाऊकच नव्हतं. आता भिंतीला कान लावायची गरजही नव्हती. मुलगी बारावीला, तिचा वर्ग पलीकडच्या खोलीत भरायचा. मुलगा नववीत, त्याची शाळा दिवाणखान्यात, म्हणजे सोफ्यावर आडवं पडून कॅमेरा बंद. शिक्षकांनी हाक मारली की धडपडून उठायचा आणि झोपेतल्या आवाजात "येस मिस" म्हणायचा. फोनमधून उत्तर यायचं, "मी सर आहे." आणि भावाबहिणींचं भांडण, खाणं, हसणं सगळं तमिळमध्ये. इतकं भरभर की माझं बाजारी तमिळ मागे धावत राही. आईशी तेवढं मराठी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि दिवसभर दाराआडून ऐकणं वेगळं. परक्या घरात भाड्याने खोली घेतल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मुलगी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. हे वाक्य मात्र तिने सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हटलं. "अप्पा वेणुम्ना पोगट्टुम. नांग वरले."

अप्पांना हवं तर जाऊ देत. आम्ही येत नाही.

मी पलंगावर उठून बसलो. सेक्रेटरींचं नांग मी समजू शकत होतो, त्यांच्यामागे इमारत होती. हिच्या नांगमध्ये कोण होतं ते उघड होतं. ती, तिचा भाऊ आणि माझी बायको.

मी बायकोला दाराशी बोलावलं. "पोरगी काय म्हणते ते तुला माहीत आहे?"

"आहे."

"आणि तू?"

"अहो, मला मधे घालू नका." दारापलीकडे बांगड्या वाजल्या. "पण एक सांगा, चिंचवडला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही म्हणूनच तर! आपले म्हणवणारे लोक बघून झाले."

"इथला भाजीवाला माझ्यावर चिडून जे बोलतो ते आत्ता आत्ता मला कळायला लागलंय," ती म्हणाली. "त्याला उलटं उत्तर कसं द्यायचं तेही आलं. आता परत पहिल्यापासून?" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मुलगी येऊन दाराला पाठ लावून बसली. फरशीवर ती बसल्याचं कळलं, दार किंचित हललं.

"बाबा, बोलायचं आहे."

"बोल."

ती काही बोलेना. मीही बोललो नाही. पंखा फिरत होता. एसीचं पाणी टपटपत होतं. मग माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय. हे माझंच. बोलणी करायला बसलं की आधी तोंड उघडेल तो पडतो, हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलंय की पोरांना पाठ आहे. माझ्याशी कुणी हे केलं की मला राग येतो, पण त्या दिवशी हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि मी पडलो.

"काय हवंय तुला?" मी म्हणालो.

"बारावी इथेच."

"तिकडे शाळा नाहीत?"

"आहेत. पण माझी इथे आहे."

"शाळा आहे कुठे? मोबाइलमध्ये आहे! मोबाइल चिंचवडला चालत नाही?"

यावर मुलगा लांबून ओरडला, "रेंज कमी असते तिथे!"

"तू गप रे. तुला कुणी विचारलं?"

"तेच म्हणतोय, बाबा. कुणी विचारलंच नाही."

मुलगी हसली नाही. म्हणाली, "ठीक आहे. बारावी झाल्यावर बोलू. तोवर घर विकायचं नाही."

"आणि त्या वाशाचं काय? तुमच्या बापाच्या तोंडावर वासा ठोकला त्याने. ते चालतं तुम्हाला?"

"चालत नाही," ती म्हणाली. "पण वासा आम्हालाही लागला ना. तुम्ही तर खोलीत आहात. कमरेत वाकून कचरा बाहेर ठेवायला कोण जातं रोज? वरचे लोक जिन्यातून येताना आम्हाला बघून परत वर जातात. आम्ही घर विकतोय का?"

परत आम्ही. मराठीत ऐकलं की जास्त बोचतं. मी म्हटलं, "विचार करतो." हे माझं नेहमीचं उत्तर आहे आणि त्याचा अर्थ नाही असा होतो, हेही तिला माहीत होतं. ती उठली. जाताना म्हणाली, "शेवटचा भाव आहे, बाबा. मी उठले." हेही माझंच.

त्या दिवसापासून पोरं माझ्याशी गोड वागायला लागली. तेही मी ओळखतो. दारापाशी गरम पाणी, मिरी घातलेलं रसम, "बाबा, ताप बघा ना". बोलणी मोडून पोरं जणू दुकानाबाहेर उभी होती, मी हाक मारायची वाट बघत. मी हाक मारली नाही. दलालाचे फोन येत होते. एक गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला, इमारतीतल्याच कुणाच्या ओळखीचं. मी म्हटलं, बंदी उठू दे, घर दाखवू. ते फोन मी मुद्दाम मोठ्याने केले. बाहेर कप विसळणं थांबायचं.

बंदी उठली ती दिवाळीच्या आधल्या आठवड्यात. मी खोलीबाहेर आलो. दिवाणखाना लहान झाल्यासारखा वाटला आणि मुलगा उंच. दुपारी वासे काढायला कामगार आले, त्यांच्यामागे सेक्रेटरी. मी त्यांना ऐकवायचं एक भाषण आत पडल्या पडल्या घासून पुसून तयार ठेवलं होतं. टँकर, लिफ्ट, गच्ची, सगळं त्यात क्रमाने होतं. मी दारात उभा राहिलो. बायको मागे, पोरं बाजूला. खालचा वासा निघाला. वरचा निघायचा होता.

"बरे आहां ना?" सेक्रेटरी म्हणाले. मराठीत! "जेवण जालें का?"

मी तोंड उघडणार तोच ते पुढे म्हणाले, "घर विकतां म्हणून ऐकिलें. माझ्या भाच्यास पाहिजे आहे. आपणांतच राहील तर बरें नाही का? भावाचें आपण बसून बोलूं."

आपण! माझं डोकं तडकलं. वासा ठोकताना नांग, आणि घर घेताना आपण. भाषणाची सुरुवात कुठून करायची तेच मला सुचेना. तेवढ्यात मुलगी माझ्या पुढे आली, वरच्या वाशावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "नांग एंगेयुम पोगले, अंकल."

आम्ही कुठेही जात नाही.

सेक्रेटरींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही ते नांग ऐकत होतो. शब्द तोच होता. पण समोर आता ते उभे होते, वाशाच्या पलीकडे. आणि अलीकडे आम्ही चौघं. तिने मला विचारलं नव्हतं. मला त्यात धरून टाकलं होतं, आणि भाव सांगून मोकळी झाली होती. आपल्या बाजूच्या माणसाने गिऱ्हाइकासमोर एकदा आकडा उच्चारला की तो आपलाच. मागे घेतला तर बाजारात पत जाते.

"ऐकलंत ना?" मी म्हणालो. एवढंच. टँकरपर्यंत मी पोचलोच नाही.

"पण दलाल तर म्हणाला की..."

"दलाल काहीही म्हणतात."

मागे मुलाने नाकातून आवाज काढला. सेक्रेटरींनी कामगाराला खूण केली, वरचाही वासा सुटला. तो ते दोन्ही खांद्यावर टाकायला लागला तसा मी हात घातला. "हे राहू द्या."

"असोसिएशनचे आहेत."

"माझ्या चौकटीला भोकं पाडलीत. भोकं असोसिएशन घेऊन जाणार आहे का? मग वासे इथेच राहतील."

त्यावर बराच वेळ घासाघीस झाली. ते दोन म्हणत होते, मी दोन म्हणत होतो, शेवटी एक त्यांनी नेला. लांब होता तो मी ठेवून घेतला. त्याच संध्याकाळी मुलाने तो बाल्कनीच्या कठड्याला बांधला आणि टोकाला आकाशकंदील लावला. वासा कंदिलाला फारच जाड होता, कंदील त्याला चिकटवल्यासारखा दिसत होता, आणि पावसाने दुसऱ्याच दिवशी त्याचा कागद उतरवला.

घर विकलं नाही. मुलीची बारावी इथे झाली, पुढचंही इथेच झालं. चिंचवडचा विषय मी अजून अधूनमधून काढतो, पण ताटावरून कुणी मान वर करत नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले की विचारतात, "जेवण जालें का?" मी तमिळमध्ये सांगतो, "आच्चु, सार." झालं, सर. मुलगी म्हणते, किती वर्षं धरून बसणार? मी तिला चौकटीतली भोकं दाखवतो. ती मी अजून बुजवून घेतलेली नाहीत.