आमच्या बांधीला पाणी शेवटी

सडक अर्जुनीला हायवेवर मी नागपूरची बस धरली, तेव्हा बाबा समोरच्याच ढाब्यावर कार्यकर्त्यांसोबत चहा पीत बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात लाल गमछा, पंचायत समितीचे सभापती. त्यांनी मला पाहिलं, पण उठले नाहीत. मीही हात केला नाही. आईने दिलेली पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकी लावून टाकली.

माझ्यासारखे जे गावातून पुणे-हैदराबादला गेले, त्यांना वाटतं मी नोकरीसाठी निघाले. नाही. आज सांगूनच टाकते.

बाबा सुतार. नवेगाव बांधच्या पलीकडे आमचं गाव, गावाला जुना तलाव. तलावाच्या तोंडाला लाकडी दट्ट्या असायचा. तो वर ओढला की धानाच्या बांध्यांना पाणी सुटायचं. दट्ट्या तासायचा आमच्या घराने, आणि म्हणूनच आमच्या बांधीला पाणी सगळ्यात शेवटी, ही गावाची रीत. पाणी ज्याच्या हातात, त्याच्यावर कोणी संशय घेऊ नये. "दट्ट्या आपल्या हातचा हाये, म्हून आपन मागं राहाचं," बाबा सांगायचे. एका साली आमचं धान उभ्याउभ्या वाळलं, तरी त्यांनी पाळी मोडली नाही. त्या एका गोष्टीवर लोकांनी त्यांना सरपंच केलं.

मग भाषणं सुरू झाली. "आपला देश समाजवादी हाये, पानी कोनाच्या बापाचं नाही!" टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्यात. सभापती झाल्यावर त्यांनी दट्ट्या काढून लोखंडी गेट बसवलं, नारळ फोडला, आणि गेटची चावी स्वतःच्या खिशात घातली. पुढे एकदा ऐन धान निसवताना, लोंब्या बाहेर पडताना, पावसाने दडी मारली. त्या वर्षी पहिलं पाणी आमच्या बांधीत आलं. शेवंताआत्या, बाबांची सख्खी विधवा बहीण, तिची बांधी तलावापासून सगळ्यात लांब. तिथवर पाणी पोचलंच नाही. तिचं सगळं धान पोचट निघालं.

मी भर अंगणात विचारलं, "बाबा, काऊन असं केलं?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "आता मी सुतार राह्यलो का?"

इथे पुण्यात मी नर्स आहे. सोसायटीत टँकर आला की आधी चेअरमनच्या विंगची टाकी भरते. बाकीचे कुरकुरतात, माझं डोकंच फिरतं. ही जात मी ओळखते, तिच्या हातचं खाऊन मोठी झाले. बाबा मुळातच वाईट असते तर मी इतकी चिडले नसते. ते चांगले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. गेट गंजून अडकलं. बाबांनी कित्येक वर्षांनी लाकूड तासायचा वाकस बाहेर काढला आणि नवा दट्ट्या तासला. गावाने तो घेतला नाही. शेजारच्या गावच्या सुताराकडून दुसरा करवून आणला. बाबांचा अंगणात पडून आहे, आई त्याच्यावर बसून भाजी निवडते.

"शेवंताआत्याच्या बांधीत आलं पानी?" मी विचारलं.

"आलं ना, काल."

"अन् आपल्या?"

"वाट पाहून राहिलो. लोकं म्हनतेत, तुमची पाळी शेवटी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घरी जावंसं वाटलं. बाबांना भेटायला नाही. सगळ्यांच्या मागून आमच्या बांधीत पाणी येईल, त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर उभं राहायला.