बेंदराची जोडी

माती मळायला मी आता चांगला शिकलो आहे. काळी माती आणायची, तिच्यातले खडे आणि मुळं वेचायची, पाणी थोडं थोडं शिंपडत टाचेनं तुडवायची. बोटाला चिकटेनाशी झाली की माती तयार. दर रविवारी सकाळी सांगलीबाहेर, कृष्णेकाठच्या एका मळ्यात, मोठ्या जांभळीखाली मी ही माती घेऊन बसतो. तिथं विशेष मुलांचा कलेचा वर्ग भरतो. पानांचे ठसे, ओल्या हळदीचा रंग, वाळक्या शेंगांचे खुळखुळे, मातीची जनावरं. एक मुलगा बराच वेळ खोडाला कान लावून बसतो आणि निघायच्या वेळी एकच पान रंगवतो. त्याला कुणी घाई करत नाही.

नवे आईबाप आले की त्यांच्या हातात मी आधी मातीचा गोळा देतो. तुम्हीपण काहीतरी करा म्हणतो. त्यांना वाटतं, वेळ जावा म्हणून देतोय. खरं तर त्यांचे हात गुंतून राहावेत म्हणून देतो. मोकळा हात लेकराच्या कामाकडं जातोच. माझा गेला होता.

माझी लेक बारा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. उजव्या हाताची मूठ उघडत नाही. डाव्या हाताची बोटं तिचं ऐकतात, पण सावकाश. बोलणंही तसंच. शब्द यायला वेळ लागतो, पण आला की नेमका येतो. बायको नर्स आहे, तिला रविवारी सुट्टी क्वचितच मिळते, म्हणून वर्गाला लेकीला मीच नेतो. कुपवाडला माझं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. जॉबमध्ये, म्हणजे कातून दिलेल्या भागात, केसाएवढा फरक पडला तरी कंपनी तो परत पाठवते. वाकडं दिसलं की सरळ करायचं, ही सवय माझ्या हातांना तिथं लागली आहे. पण गेल्या वर्षी जे झालं त्याचं खापर मी सवयीवर फोडणार नाही.

बेंदूर जवळ आला होता. आमचं गाव कराडजवळ आहे. बेंदराला थोरल्या भावाच्या घरी सगळे जमतात, पाटावर मातीच्या बैलांची जोडी मांडतात, पूजा करून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. जोडी दरवर्षी कुंभाराकडून यायची. त्या वर्षी वहिनींनी फोनवर सांगितलं, की आता बैल आमच्या लेकीच्या हातचेच पूजायचे. लेकीनं ही बातमी वर्गात सगळ्यांना सांगितली, मळ्यातल्या म्हशीलासुद्धा.

रविवारी वर्गाच्या ताईंनी माती दिली. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण सगळे त्यांना ताईच म्हणतात. लेक सकाळभर एकच बैल करत बसली. मिटलेल्या मुठीनं माती दाबायची आणि डाव्या हातानं तिला आकार द्यायची. झालं ते असं : एक गोळा, पाठीवर मुठीचा खोल खळगा, एक शिंग, पाय नाहीत. तिनं मान वाकडी करून तो सगळीकडून बघितला, हसली आणि ताईंबरोबर हात धुवायला गेली.

मला समोर पाट दिसायला लागला. भोवती जमलेले पाहुणे दिसायला लागले. कुणीतरी हळूच ‘बिचारी’ म्हणणार, तेही ऐकू आलं. मी गोळा उचलला. चार पाय ओढून काढले, दुसरं शिंग लावलं, पाठीवरचा खळगा बुजवून अंगठ्यानं गुळगुळीत केला. बैल झकास झाला.

लेक परत आली. तिनं तोही सगळीकडून बघितला. मग डाव्या हातानं तो बैल माझ्याकडं सरकवला.

“हा तुमचा.”

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रडली नाही. घरी गेल्यावर आईला म्हणाली, काकींना सांग, कुंभाराकडून आणा. पुढच्या रविवारी ती वर्गाला आली, पण मातीकडं पाठ करून बसली. बेंदूर त्याच आठवड्यात होता.

मधला आठवडाभर मी स्वतःला सांगत होतो, की तिच्यासाठीच केलं, लोकांनी तिला हसू नये म्हणून. ते खोटं होतं. तिनं केलेला बैल मांडायची लाज मला वाटली होती. तिला वाटली नव्हती. हे मी त्या रविवारी ताईंपाशी कबूल केलं. त्या माझी समजूत घालतील अशी माझी आशा होती. त्या रंगाच्या वाट्या विसळत होत्या. म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग, दादा? ती तिथं बसलीय.”

मी ओल्या गवतावर लेकीसमोर जाऊन बसलो. म्हणालो, “तुझा बैल चांगला होता. लोक काय म्हणतील म्हणून मी घाबरलो. तुला न विचारता हात लावायला नको होता. चुकलं माझं.”

ती रागावली आहे की शब्द शोधते आहे, हे मला एरवी ओळखता येतं. त्या दिवशी येईना.

“जोडी लागते,” ती शेवटी म्हणाली. “एक मी करते. एक तुम्ही.”

मी लगेच मातीला हात घातला. तिनं तिची मूठ माझ्या उजव्या हातावर आपटली. “अशी.”

मग मी मूठ मिटली आणि मिटलेल्या मुठीनं बैल करायला बसलो. अंगठा नाही, चिमूट नाही, काही धरता येत नाही. दाबायला गेलं की माती निसटायची, थांबवायला गेलं की चिरायची. शिंग लावलं की मान पडायची. वीस-पंचवीस वर्षं ज्या हातानं पोट भरलं, तो हात माझं ऐकेना. नकळत बोट उघडलं की ती म्हणायची, “मूठ.” शेजारी बसलेल्या एका मुलाची आई बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. “दादा, ह्यो बैल हाय का बटाटा?” लेक इतकी हसली की तिच्याच बैलाचं शिंग मोडलं. तिनं ते पुन्हा लावलं. पाठीवर तोच खोल खळगा केला.

बेंदराला दोन्ही बैल पाटावर बसले. लेकीचा भक्कम होता. माझा वाळता वाळता एका अंगावर कलला होता. थोरला भाऊ सैन्यातून निवृत्त झाला आहे, बोलणं अजून परेडवरचंच आहे. त्यानं वाकून दोन्ही बघितले.

“ह्यो निवांत बसलाय, रवंथ करतोय. आन् ह्यो कुणाचा?”

“माझा.”

“गड्या, ह्याला डॉक्टर बोलव.”

सगळे हसले. एक म्हातारी चुलती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीच, “बिचारीनं लय कष्ट घेतलं.” ज्या शब्दाला मी एवढा भ्यायलो होतो, तो आला आणि गेला. लेकीचं लक्षही नव्हतं. ती पाटाकडं बघत होती, कारण वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या होत्या. लेकीच्या बैलाला त्यांनी हळदकुंकू वाहिलं. मग माझा कललेला बैल सरळ करावा म्हणून बोटं पुढं केली.

“नको, काकी,” लेक म्हणाली. “पप्पांनी केलाय तो.”

वहिनींनी हात मागं घेतला. बैलाच्या कपाळाची जागा अंदाजानं शोधली आणि तो होता तसाच असू देत त्याला हळदकुंकू लावलं.