झुंबरआत्याची खाच

विहिरीची कप्पी गायब झाली, की गावातल्या बायका पोहरे घेऊन सरळ झुंबरबाईच्या दारात जात. कप्पी तिथंच असे, आणि झुंबरबाईनं एखाद्या मोडक्या सायकलच्या चाकाशी तिचं लग्न लावलेलं असे. "दुपारपातुर देते," मान वर न करता ती सांगे. बाई चौथी शिकलेली, पण गाव तिला चेष्टेनं 'इंजिनेर' म्हणे. तिची भाची पंकजा मात्र ती चेष्टा खरी मानूनच वाढली. शाळेत 'माझा आदर्श' या निबंधात सगळ्यांनी थोर पुरुष लिहिले, हिनं आत्या लिहिली.

त्या चाक-कप्पीतूनच आत्याचं यंत्र निघालं. पाथर्डीकडची ही माणसं, दिवाळी सरली की ऊसतोडीला बाहेर पडणारी. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, हे बायकांचं काम. फळी दवानं ओली असली तर नुसतं देवाचं नाव घ्यायचं. झुंबरबाईनं सायकलचं चाक, चेन आणि कप्पी एका लोखंडी चौकटीत बसवून ती ट्रकच्या कडेला बांधली. खाली उभं राहून हँडल फिरवलं, की दोराला बांधलेली मोळी वर जाई. सहा वर्षांच्या पंकजानं ते फडात पाहिलं. आत्यानं ऊस उडवला, असं ती पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत सुटली होती.

आता ती राहुरीला कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्याच खटपटीनं त्या यंत्राची तज्ज्ञांसमोर चाचणी ठरली होती. जमलं तर यंत्र झुंबरबाईच्या नावानं नोंदवलं जाणार होतं. नाही जमलं तर ते पुन्हा सायकलचं भंगार. पंकजाला काही कसर ठेवायची नव्हती, म्हणून आदल्या दिवशी तिनं एक शहाणपणा केला. हँडल तिला फार खाली वाटलं. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे तिनं ते वीतभर वर बसवलं. आत्याला विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

चाचणीला झुंबरबाईनं पदर खोचला, हँडलला हात घातला आणि तिच्या टाचा उचलल्या गेल्या. मोळी अर्ध्यावर जाऊन लोंबकळली. तज्ज्ञ एकमेकांकडे बघू लागले. तिनं मोळी अलगद खाली सोडली.

"हे वर कुनी घेतलं गं?"

"मी, आत्या. पुस्तकात तसंच माप दिलंय."

"पुस्तकातली बाई पोटुशी नसंल."

झुंबरबाईनं पिशवीतून वर डोकावणारी बाभळीची एक काठी काढली. हाताळून गुळगुळीत झालेली, एका जागी खाच मारलेली.

"तुज्या टायमाला वहिनीला सातवा म्हैना हुता. तशी ती मोळी घिऊन फळीवर चढायची. मला बगवंना. मग ह्ये यंत्र जुळवलं, तिला उभी केली, ही काठी बाजूला धरली, अन् हितं खाच मारली. हँडल पोटाला लागू नये, अन् हात वर ताणायला लागू नये. तू जल्मंपर्यंत वहिनी फळीवर चढली न्हाई."

पंकजाला घरात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. जे यंत्र बघून ती इथवर शिकत आली, ते मुळात तिच्याचसाठी केलेलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि आत्यापुढं आपण फार लहान आहोत असं वाटलं. तिनं पाना घेतला, काठी उभी धरली आणि हँडल खाचेपाशी आणून आवळलं.

झुंबरबाईनं टाचा न उचलता हँडल फिरवलं. एकामागून एक वीस मोळ्या वर गेल्या. तज्ज्ञांपैकी एक बाई स्वतः पुढं आल्या, त्यांनी हँडल फिरवून पाहिलं आणि नोंदणीचा अर्ज पंकजाच्या हातात दिला.

अर्जात एक रकाना होता: 'हँडलची उंची कशाच्या आधारे ठरवली?'

पंकजानं तक्त्याचं पुस्तक मिटलं आणि लिहिलं, 'बनुबाई, माझी आई. सातवा महिना.'