साहेबाच्या आजीची जर्मन आणि माझी मराठी

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे.

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर आज दुपारी रत्नागिरीचे सत्तारभाई परांचीवर चढले होते. त्यांच्या सेफ्टी बेल्टचा हुक लागेना. मी सुपरवायझर. खालून ओरडलो, "भाई, हलू नका! डाव्या हाताने पाइप धरा!"

मागून आमचा अमेरिकन मॅनेजर खेकसला, "ओन्ली इंग्लिश! हे तुझं गाव नाही."

हा माणूस टेक्सासमधल्या फ्रेडरिक्सबर्ग नावाच्या छोट्या शहरातला. जर्मनीतून आलेल्या लोकांनी वसवलेलं शहर. "माझी आजी मरेपर्यंत घरात जर्मनच बोलायची," असं चहाच्या वेळी छाती फुगवून सांगतो.

आधी भाईंना सुखरूप खाली उतरवलं. मग त्याला विचारलं, "सर, तुमच्या आजीला कुणी असं दरडावलं असतं तर?"

"दॅट्स डिफरंट," म्हणाला. संध्याकाळी मला वॉर्निंगचा मेल आला.

सत्तारभाई म्हणतात, "माफी माग आणि खलास कर रे, नोकरी सांभाळ."

मी माफी मागणार नाही. भाई वर असतील आणि जीवावर बेतलं, तर मी मराठीतच ओरडणार.

तुमच्याकडेही असले साहेब आहेत का? आणि तुम्ही गप्प बसता का?