तलावाच्या पाळीवरचं तीर्थ

देव हाकेला धावून येतो असं कोणी सांगायला लागलं, की पूर्वी मी उठून स्वयंपाकघरात जायची. वाद घालायचा नाही आणि मानही डोलवायची नाही, म्हणून मी शोधलेला हा उपाय. सासर सगळं भाविक. उमरेडला आजेसासऱ्यांच्या घरी हातमाग होते आणि बसण्याआधी मागाला हात जोडायची रीत होती. माग गेले, रीत राहिली. आता शहरात, मनीषनगरच्या फ्लॅटखाली माझे मोठे दीर अजूनही स्कूटरला हात जोडूनच किल्ली लावतात. मला हसू यायचं. माझ्यासारखीने असा अनुभव लिहायला बसावं, हे माझं मलाच नवल वाटतं.

पळायचा नाद मला मोठ्या जावेने, म्हणजे याच दिरांच्या बायकोने लावला. मी तिला ताई म्हणते. पन्नाशीला आली तशी तिला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चालत जा, तर ही बाई पळायलाच लागली आणि जाता जाता मलाही घेऊन गेली. सुरुवातीला सोसायटीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. आम्ही मंगळसूत्र टी-शर्टाच्या आत पिनेने अडकवायचो आणि खाली मान घालून निघायचो. पुढे भीड चेपली. शहरातल्या धुरात पळायचा कंटाळा आला तसा आम्ही खेड्यांतले रस्ते धरले. सावनेरकडे कपाशीच्या शेतांमधून पळालो. एका हिवाळ्यात तर थेट कोकण गाठलं. एका हाताला सुरूचं बन, दुसऱ्या हाताला समुद्र. एवढं पाणी बघून आम्ही दोघी वैदर्भीय बाया पळायचं सोडून उभ्याच राहिलो. तरी सगळ्यात सुंदर रस्ता कोणता असं कोणी विचारलं, तर आम्ही उमरेड रस्त्यावरून आत वळल्यावर एका गावाबाहेर जो तलाव लागतो, त्याचंच नाव घेतो. तलावाला पूर्ण वळसा घालणारी कच्ची वाट आहे. थोडी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, आणि बाकीची धानाच्या शेतांना लागून. पावसाळा सरत आला की पाळ हिरवीगार होते, पाण्यात कमळं असतात आणि आपल्या पावलांशिवाय दुसरा आवाज नसतो.

त्या वर्षी हरतालिका आली तेव्हा दिरांच्या हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. ताईने निर्जळ उपास धरला. पाण्याचा थेंबही नाही. मी चहा पिऊन उपास करणारी. मी तिला सरळ म्हटलं, तुमच्या उपाशी राहण्याने भाऊजींच्या नसा मोकळ्या होणार आहेत का? ती चपलांच्या रॅकमधून बूट काढून बांधायला लागली. घरी बसले तर वेड लागेल, चल तलावावर, एवढंच म्हणाली. आठवडाभर तिला धड झोप नव्हती, हे मला दिसत होतं. पण पळून आली की ती शांत होते हेही माहीत होतं, म्हणून मी गाडी काढली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. सकाळी तिने शुगरची गोळी चुकवली नाही. ती कोरडीच गिळली. पाण्याशिवाय घेतली म्हणजे उपास मोडला नाही, आणि डॉक्टरांचंही ऐकलं, असा तिचा हिशोब. कडक उपास करणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बाया असंच करतात. मला तर त्यात तिची हुशारीच वाटली. पोटात काही नसताना ती गोळी साखर किती खाली उतरवते, हा विचार दोघींच्याही डोक्यात आला नाही.

ऊन कडक निघालं होतं आणि जमिनीतून वाफ येत होती. अर्धा वळसा झाला आणि ताईची पावलं वाकडी पडायला लागली. मी हाक मारली, तिने भलतंच उत्तर दिलं. मग ती पाळीवरच मटकन बसली. अंगाला घाम, हात थरथरत होते, नजर ठरत नव्हती. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये बाटली होती, ग्लुकोज घातलेलं पाणी होतं. मी ती तिच्या ओठांना लावली. तिने दात आवळले. मी जबरदस्ती केली तर तिने पाणी थुंकून टाकलं. स्वतःचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण उपास मात्र आठवत होता.

"मले पाणी नको देऊ वं. त्यांचं ऑपरेशन आहे."

मी विनवलं, मग रागावले, मग भाऊजींची शपथ घातली. शपथेने तर तिने तोंडच फिरवलं. फोनला रेंज नव्हती. गाव तलावाच्या पलीकडे, आणि तिला अशी टाकून मी धावणार कशी? हातात पाणी होतं आणि माझी जाऊ माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. तेव्हा मी मोठ्याने देवाला बोलले. प्रार्थना नव्हती ती, भांडणच होतं. ही तुझ्यासाठी उपाशी आहे, माझं ऐकत नाही, आता तूच बघ, माझ्या हातात काही राहिलं नाही. असं म्हणून मी खरंच बाटली खाली ठेवली.

पाळीच्या खालच्या अंगाने एक बाई वर आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पितळी गडू. तलावाला नाला मिळतो तिथे बारीक वाळू असते. गावच्या बाया हरतालिकेला तिथली वाळू घेऊन महादेवाची पिंड करतात, तशी ती करून बसली होती. माझा आरडाओरडा ऐकून आली. मी रडतरडतच सगळं सांगितलं. तिने फार विचारलं नाही. ताईच्या कपाळाला हात लावला आणि आली तशी खाली गेली. मला वाटलं, ही पण गेली. पण ती पिंडीपाशी बसली, गडूतल्या पंचामृताचा पिंडीला नैवेद्य दाखवला, हात जोडले आणि तोच गडू घेऊन वर आली. ताईचा उजवा हात धरून तिने तळवा उघडला.

"तीर्थ आहे वं माय. तीर्थाले नाही म्हनत नसते."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग आपोआप, लहानपणापासूनच्या सवयीने, तिच्या तळव्याची वाटी झाली आणि तोंडाकडे गेली. त्या बाईने पुन्हा ओतलं. दूध, दही, मध आणि भरपूर साखर. ताई पीत राहिली. गडू संपेस्तोवर ती बाई ओतत राहिली, मग माझी बाटली उचलून त्यातलंही पाणी गडूत घेऊन पाजलं. हळूहळू ताईचे हात थरथरायचे थांबले. तिने मला नावाने हाक मारली आणि मी तिथेच तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडले.

जरा सावरल्यावर मी त्या बाईला म्हटलं, तुमच्या पूजेचं सगळं आम्हीच संपवलं. ती म्हणाली, देवासाठी आणलं होतं, देवालेच पोचलं. गावातल्या बाया संध्याकाळी येतात वाळू न्यायला. घरच्यांनी तिलाही तेच सांगितलं होतं, पण सकाळपासून तिचं घरात मन लागेना म्हणून ती एकटीच आली होती. हे तिने सहज सांगितलं. त्याला मी काय नाव द्यावं? मी देत नाही. तिच्या पाया पडले, एवढंच.

डॉक्टर नंतर खूप बोलले, ते बरोबरच होतं. पण ताईच्या मनातून काटा जाईना. तीर्थ असलं तरी पोटभर पिऊन झालं होतं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरपाशी उभी राहून तिने भाऊजींना रडत सगळं सांगितलं, माझा उपास राहिला नाही म्हणाली. भाऊजींनी तिचा हात धरला.

"काहून रडून राहिली? तू आहे, म्हनूनच मी निवांत जाऊन राहिलो. घरी वाट पाहनारं कोणी असलं का मानूस वापस येते."

ते परत आले. आता रोज संध्याकाळी कॉलनीत फेऱ्या मारतात आणि आमच्या पळण्याच्या वेळेवरून आम्हाला चिडवतात. आमचं घर शाबूत राहिलं. मी दिवसातून किती वेळा मनात हात जोडते ते मलाही ठाऊक नाही.

मी अजून फारशी पूजाअर्चा करत नाही. पण त्या दिवशी बाटली खाली ठेवली तेव्हाच माझा हट्ट सुटला आणि मागितलेलं मिळालं, हे मला पक्कं कळलं आहे. ताई अजूनही निर्जळच उपास धरते. ती ऐकणारी नाही, आणि मीही आता वाद घालत नाही. हरतालिकेला सकाळी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि उजवा हात पुढे करते. मला मंत्र येत नाहीत. मी पंचामृताचं मोठं पातेलं घेते, तीर्थ आहे म्हणते, आणि ते रिकामं होईस्तोवर तिच्या तळव्यात ओतत राहते.